कुरतडलेली बाग

बाग आखून द्यायला जाते तेव्हा बहुतेक घरांत दोन अटी ठरलेल्या असतात. बारा महिने हिरवं दिसलं पाहिजे, आणि किडे येता कामा नयेत. सोसायटी असेल तर तिसरीही निघते: पानगळ नको, गाड्यांवर कचरा पडतो. या तिन्ही अटींत बसणारी झाडं पुण्याच्या कुठल्याही नर्सरीत रांगेनं उभी असतात. गोल्डन ड्युरांटा, अकॅलिफा, फॉक्सटेल पाम, कातरून गोल केलेला फायकस. त्यातली कितीतरी आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं आलेली, मुळांभोवती लाल मातीचा घट्ट गोळा घेऊन. लावली की महिन्याभरात बाग फोटोसाठी तयार. त्यानंतर मात्र तिच्यात काही घडत नाही. पानं जशीच्या तशी, तुकतुकीत. ती प्लास्टिकची असती तरी कुंपणावर उड्या मारणाऱ्या शिंपी पक्ष्याला काही फरक पडला नसता.

माझं मत याच्या नेमकं उलटं आहे, आणि हल्ली मी ते पहिल्याच भेटीत सांगून टाकते, म्हणजे नंतर पैशांच्या वेळी वाद नको. ज्या बागेत एकाही पानाला भोक नाही, ती बाग माझ्या लेखी नापास. बाग आखायची तर तिथे कोण जेवणार हे आधी ठरवायचं. रंग आणि उंची मागाहून. हे ऐकून बरीच गिऱ्हाइकं चहा संपवतात आणि "कळवतो" म्हणतात. उरलेल्यांसाठी मी काम करते.

कढीपत्त्याची कुंडी जवळजवळ प्रत्येक घरात असते, म्हणून समजवायला ती बरी पडते. कोवळी पालवी फुटली की काळं-पांढरं कॉमन मॉरमॉन किंवा ठिपक्याठिपक्यांचं लाइम बटरफ्लाय तिच्याभोवती घुटमळायला लागतं. ती मादी असते. कुंडीत एकही फूल नसताना ती पानावर क्षणभर पाय टेकवते, उडते, पुन्हा दुसऱ्या पानावर टेकवते. फुलपाखराला पायांनी चव कळते. हे पान पिल्लांना चालणार अशी खात्री पटली की पोटाचं टोक वाकवून खसखशीएवढं पिवळसर अंडं चिकटवते आणि निघून जाते. काही दिवसांत त्यातून जी अळी निघते ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट-पांढरी, ओलसर. शीट कोण खाणार, म्हणून वाचते. मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते. तिला बोट लावून पाहा. डोक्यामागून दुभंगलेलं लालसर शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो.

नेमक्या याच टप्प्यावर मला फोन येतो. "ताई, कढीपत्त्यावर अळ्या पडल्यात, काय फवारू?" काही फवारू नका, म्हणते मी, आठवडाभर आमटीत चार पानं कमी घाला. झाडाला नवी पालवी फुटते. कढीपत्ता इतक्या सहजी मरत नाही.

फुलपाखरांची बाग म्हणून जे विकलं जातं त्यात झेंडू, पेंटास, झिनिया असा फुलांचाच भरणा असतो. ती लावावीत, मधाला गर्दी होते. पण ती खानावळ झाली, कुणीही यावं आणि जेवून जावं. बाळंतपणाला मात्र प्रत्येक जात आपल्या माहेरीच जाते, आणि ते माहेर ठरलेलं असतं. बहाव्यावर पिवळी-पांढरी एमिग्रंट फुलपाखरं येतात. सीताफळावर आणि आसुपालवावर टेल्ड जे. हळदीच्या, आल्याच्या पानाची सुरळी करून आत ग्रास डेमनची अळी बसते. सापसंदाच्या वेलावर कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ, दुसरीकडे नाही. आंब्यावर आणि काजूवर बॅरन, आणि त्याची हिरवी अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी पसरते की पान उलटंसुलटं करूनही सापडत नाही. यामागे रसायनांचा जुना झगडा आहे. झाड पानात कडू, विषारी, चिकट काहीतरी साठवतं. लाखो वर्षांत एखाद्या कीटककुळाला तेवढंच विष पचवता येतं, आणि मग ते कुळ त्याच झाडाशी बांधलं जातं. मेक्सिकोहून आलेल्या झुडपाचं विष पचवायला आपल्या किड्यांना तेवढा वेळच मिळालेला नाही. म्हणून ते झुडूप तुकतुकीत राहतं, आणि नर्सरीवाला त्यालाच 'निरोगी' म्हणतो.

अळ्या झाल्या म्हणजे बाग फस्त होईल ही भीती मात्र खोटी आहे. शंभर अंड्यांतून फुलपाखरं होतात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांचं काय होतं हे पाहायला सकाळी तासभर बसावं. कुंभारीण माशी येते, अळीला नांगी मारून बधिर करते आणि आपल्या मातीच्या गाडग्यात पिल्लांसाठी कोंडते. बुलबुल येतो. शिंपी तर दिवसभर पानांच्या खालच्या बाजू तपासत असतो. चिमणी दाणे खाते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण घरट्यातल्या पिल्लांना तीही अळ्या-किडेच भरवते. लाकडी घरटी टांगणारे आणि बाजरी टाकणारे भले लोक मी पाहिलेत, आणि त्याच भिंतीखालच्या कुंपणावर महिन्याला कीटकनाशक मारणारेही तेच लोक.

करंजाचं उदाहरण तर गमतीचं आहे. त्याच्या पानांवर बोटांसारख्या लांबट गाठी येतात. अगदी बारीक कोळीवर्गीय जीव त्या करवतात. झाडाला काही विशेष होत नाही. पण सोसायटीच्या सभेत फोटो फिरतो, "झाडाला कॅन्सर झालाय", आणि फवारणीचा ठराव मंजूर होतो.

मग लावायचं काय? या प्रश्नावर मी गणपतीच्या पत्रीची यादी पुढे करते. ती जागोजागी थोडी बदलते, पण दूर्वा, बेल, रुई, आघाडा, धोत्रा, माका, बोर, डोरली, कण्हेर, अर्जुन, पिंपळ, हादगा, डाळिंब, जाई, विष्णुक्रांता ही नावं बहुतेक पोथ्यांत सापडतात. भक्तीचा भाग ज्याचा त्यानं पाहावा. मला त्या यादीत लागवडीचा आराखडा दिसतो, कारण त्यात वृक्ष आहेत, झुडपं आहेत, वेल आहेत, आणि ज्याला आपण तण म्हणतो तेही आहे. बेलावर तेच कढीपत्त्यावरचं लाइम बटरफ्लाय. बोरावर काळ्या ठिपक्यांची पांढरी, नखाएवढी पिएरो. कण्हेरीवर कॉमन क्रो. त्याचा कोष चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकाकतो, आणि एवढा चकाकणारा दागिना कण्हेरीच्या पानाखाली लटकतोय हे रोज पाणी घालणाऱ्यालाही दिसत नाही. अर्जुनाच्या पानांवर टसर रेशमाच्या पतंगाची अळी पोसते. डोरलीचं जांभळं फूल मधमाशीला उघडत नाही. त्यातले पराग बाहेर काढायला फुलाला धरून विशिष्ट सुरात गुणगुणावं लागतं, ते भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या एकांड्या माशीला जमतं. वांग्याचंही तसंच. भुंगे नसतील तर परसातल्या वांग्याला नीट फळ धरत नाही.

आणि रुई. तिचा चीक विषारी, म्हणून गुरं तोंड लावत नाहीत. प्लेन टायगरची अळी तोच चीक खाऊन ते विष अंगात साठवते, आणि पुढे फुलपाखरू झाल्यावरही पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. या बिनघोर आयुष्याचा हेवा वाटून की काय, डॅनेड एगफ्लाय नावाच्या वेगळ्याच फुलपाखराच्या मादीनं हुबेहूब त्याचंच रूप घेतलंय. ती स्वतः विषारी नाही, पण पक्षी फसतात. या नक्कलबाज बाईंचं माहेर कुठलं? घोळ. तीच घोळ, जिची भाजी आपण खातो आणि जी लॉनमधून माळीमामा खुरप्यानं काढून टाकतात. म्हणजे ही जोडी बागेत बघायची असेल तर एक ओसाड जागेवरचं झुडूप आणि एक तण लागतं. दोन्ही फुकट मिळतात, त्यामुळे दोन्हींना किंमत नाही.

(पत्रीचं एक वाईटही सांगून ठेवते. ऑगस्ट-सप्टेंबरात ती टेकड्यांवरून ओरबाडून पोत्यांनी बाजारात येते, आणि विकणाऱ्या बाईच्या हातात चार पैसेच पडतात. सोसायटीत एकवीस नाही तरी दहा-बारा जाती सहज बसतात. त्या लावल्या की सणाच्या आदल्या दिवशी पोरांना हाताशी घेऊन खुडता येतात.)

लॉनबद्दल मी थोडक्यात बोलणार होते, पण जमणार नाही. मेक्सिकन लॉन चौरस फुटावर विकलं जातं, गालिच्यासारखं गुंडाळून येतं. पुण्याच्या उन्हाळ्यात एका चौरस मीटर लॉनला रोज साधारण 5 लिटर पाणी लागतं. शंभर चौरस मीटरचं लॉन म्हणजे रोज 500 लिटर. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी हा आपल्याकडचा मान्य हिशेब आहे. म्हणजे गवताचा तो तुकडा जवळजवळ पावणेचार माणसांचं पाणी पितो, आणि त्याच सोसायटीत एप्रिलपासून टँकर येत असतो. शिवाय कापणी, खत, फवारणी. त्यावर कुणी बसत नाही, कारण 'लॉनवर चालू नये' अशी पाटी असते. या लॉनमधला माळीमामांचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू कोण, तर हरळी. ती कितीही उपटली तरी कडेकडेनं परत येते. ही हरळी म्हणजेच दूर्वा. जुलैभर ती उपटून कचऱ्यात टाकायची आणि भाद्रपदात मंडईत जाऊन तिची जुडी विकत आणायची, हा व्यवहार आपण डोळे मिटून करतो. मी सांगते, हरळीच ठेवा. ती उन्हात पिवळी पडते, पहिल्या पावसात परत उठते, पोरं तिच्यावर खेळू शकतात. एप्रिलमध्ये बाग थोडी पिवळी दिसली तर दिसू दे. सह्याद्रीचे डोंगरही तेव्हा पिवळेच असतात, त्यांना कुणी पाणी मारत नाही.

देशी-विदेशीच्या वादात मी फार कडवी नाही. चिंच आफ्रिकेतून आली, पण इतकी जुनी की ब्लॅक राजा नावाच्या फुलपाखरानं तिला आपलं मानलंय. गुलमोहर मादागास्करचा, आणि साताऱ्यात 1 मे रोजी त्याच्या बहराचा दिवस साजरा होतो. त्यांना जाऊन कुणी सांगावं, हे झाड तुमचं नाही म्हणून? एखादा गुलमोहर सावलीला असू दे. माझा आक्षेप संख्येला आहे. सगळ्या शहरानं पाचच जातींची झाडं लावली की शहरात पाचच ताटं वाढली जातात, आणि तीही बहुतेक रिकामी. प्रा. श्री. द. महाजन यांनी देशी वृक्षांसाठी आयुष्यभर लिहिलं, माणसांना झाडाखाली उभं करून शिकवलं. तरी रस्त्याच्या दुभाजकांवर परदेशी कोनोकार्पसच आला. गुजरातनं 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्याकडे तो अजून 'लवकर वाढतो' या एकाच गुणावर पास होतो. शोभेची झाडं बागेत राहतात हाही एक समज. टणटणी 19व्या शतकात शोभेसाठीच आणली होती. बुलबुलांनी फळं खाल्ली, बिया टाकल्या, आणि आज देशभरातल्या जंगलांच्या तळाशी ती पसरली आहे. जलपर्णीही तिच्या जांभळ्या फुलांसाठीच जगभर नेली गेली. बाग आखणाऱ्यानं कागदावर मारलेली रेघ शंभर वर्षांनी कुठे जाईल, हे पक्षी ठरवतात.

आता बांडगूळ. याच्यासाठी मी जितकी भांडले तितकी कुठल्याही झाडासाठी भांडले नाही. जुन्या आंब्यावर, शिरीषावर त्याचे झुबके दिसले की पहिली सूचना येते, "ताई, ते आधी काढून टाका, झाडाचं रक्त पितं." खरं आहे, पितं. आंब्याच्या बागेत शेतकरी ते काढतो ते बरोबरच करतो. फार वाढलं तर फांदी वाळते. पण बागेतल्या एका थोराड झाडावर दोन-तीन झुबके असले तर काय होतं ते पाहा. हिवाळ्यात त्याला नारिंगी-लाल नळीसारखी फुलं येतात. त्यांच्यावर शिंजीर येतात, चोच खुपसून मध पितात आणि कपाळाला पराग लावून पुढच्या झुबक्यावर जातात. मग फळं धरतात, आणि फुलटोच्या हजर होतो. आपल्याकडच्या सर्वांत छोट्या पक्ष्यांपैकी एक, अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, सारखा चिकचिक करत फिरणारा. फळातली बी इतकी चिकट की पोटातून गेल्यावरही सुटत नाही. त्याला फांदीवर बूड घासून ती काढावी लागते. घासली तिथे ती रुजते. बांडगुळाला दुसरा माळी लागत नाही.

आणि याच बांडगुळाच्या पानांवर हळदीकुंकू फुलपाखरू अंडी घालतं. एक-एक करून नाही, ओळीनं, पुंजक्यानं. अळ्या एकमेकींना धरून पान खातात, एकत्र सरकतात. त्यांतून जे फुलपाखरू निघतं त्याच्या पंखांची खालची बाजू पिवळीधमक आणि कडेला लाल ठिपके. उडताना वरून पांढरं वाटतं, बसलं की हळदीकुंकवाचा करंडा उघडतो. एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीसमोर असा एक झुबका होता. त्याच आधी 'काढा' म्हणणाऱ्या. त्यांना मी काही सांगितलं नाही, फक्त खिडकीच्या उंचीवरची ती फांदी यंदा छाटू नका एवढी विनंती केली. जानेवारीत त्यांचा फोन आला, आणि त्यांनी मलाच शिंजिराचा नर कसा ओळखायचा ते समजावलं. मी ऐकून घेतलं.

वाळलेल्या पानांचा प्रश्न झाडांपेक्षा खराट्याचा आहे. मुंबई-पुण्यात सकाळचा पहिला आवाज खराट्याचा असतो, आणि अंगण 'चाटून पुसून' ठेवणारा माळी तो चांगला माळी. पाला गोळा होतो, पोत्यात जातो, आणि कोपऱ्यावर काडी लागते. घनकचरा नियमांनुसार तो जाळायला मनाई आहे. धूर तरीही निघतो. झाडानं वर्षभर हवेतून ओढून घेतलेला कार्बन आपण दहा मिनिटांत परत हवेत सोडतो, वर जमिनीत जाऊ शकलं असतं ते खत गमावतो, आणि जूनमध्ये गांडूळखताची पोती विकत आणतो. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा उपक्रम आहे: ज्याच्याकडे पाला जास्त त्यानं कळवायचं, ज्याला हवा त्यानं घेऊन जायचं. गच्चीवर बाग करणारे लोक लांबलांबून पोती न्यायला येतात. इतकी साधी गोष्ट, आणि तरी ती सुचायला कुणीतरी लागलंच. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं कितीतरी आधी हेच दाखवलं होतं की मूठभर माती आणि भरपूर पालापाचोळा यांतून गच्चीवरही अन्न पिकतं.

मी आराखड्यात मोठ्या झाडांखाली जाड थर पाल्याचा राखून ठेवते, भिंतीपासून दूर. तिथे सातभाई येतात. कलकल करत एकेक पान उलटून खालचे किडे टिपतात. हा पक्षी पाहायचा तर खराटा बंद ठेवावाच लागतो. दयाळ येतो. बेडूक दडतात. साप येतील का, हे विचारलं जातंच. साप येतो तो उंदरामागे, आणि उंदीर येतो उघड्या कचरापेटीमागे. पाल्याचा ढीग लहान मुलांच्या खेळाच्या जागेला लागून ठेवू नये आणि त्यात हात घालताना काठीनं हलवावं, इतकी काळजी पुरते. एवढं सांगूनही काही घरं मान्य करत नाहीत. त्यांचा धाक मी समजू शकते. रात्री पाळीवर जाणारा वॉचमन अंधारात चालतो, मी चालत नाही.

एका सोसायटीच्या बागेनं पृथ्वीचा ताप उतरणार नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. हवामानाच्या नावाखाली बाग विकणारी पत्रकं वाचली की मला कानकोंडं होतं. बाग जे करते ते तिच्या कुंपणाच्या आसपास करते, आणि ते कमी नाही. पश्चिमेच्या भिंतीला सावली दिली की संध्याकाळी त्या खोल्यांची भिंत तितकी तापलेली नसते. आणि पाणी मुरतं. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर त्याचं 70 हजार लिटर होतं. आपण ते पन्हाळीतून पेव्हर ब्लॉकवर, तिथून गटारात सोडतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याचं काय झालं ते पुणेकर विसरणार नाहीत. माणसं गेली, भिंती पडल्या, गाड्या एकावर एक चढल्या. ओढा अडवला, वळवला, त्याच्या काठावर बांधलं हे मुख्य कारण. पण प्रत्येक अंगणानं फरशी घालून आपलं पाणी शेजाऱ्याकडे ढकललं हेही त्यात आहे. आता पाऊस तासाभरात दिवसाचा कोटा पाडतो. म्हणून मी बागेचा एक वाफा जमिनीपेक्षा वीतभर खोल ठेवते, गच्चीची एक पन्हाळ त्यात सोडते आणि तळाला मुरूम-खडी घालते. त्यात कर्दळ, वाळा, लव्हाळा. पाणी एक-दोन दिवसांत मुरलं पाहिजे, मग डास होत नाहीत. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभर लागतो. झाडांच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीटही फोडायला लावते. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी सोडायचा आदेश दिला होता. आपल्याकडे अजून खोडाला टेकून फरशी बसवणारे गवंडी सापडतात, आणि ते काम नीटनेटकं झालं म्हणून त्यांना शाबासकीही मिळते.

मियावाकीबद्दल विचारणारेही वाढलेत. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं कोंबायची, दोन-तीन वर्षांत जंगल. मुंबईसारख्या ठिकाणी, पडीक भिंतीलगत, धूळ अडवायला ते ठीक. पण पुण्याभोवतीच्या टेकड्या मुळात गवताच्या, मधूनमधून झाडं असलेल्या. तिथे गवतात घरटं करणारे चंडोल आहेत, पावसाळ्यात तेवढ्यापुरती उगवणारी कंदफुलं आहेत. या टेकड्यांवर आधी गिरिपुष्प लावून झाला, त्याखाली दुसरं काही नीट वाढत नाही. आता त्याच टेकड्यांवर खड्डे खणून 'जंगल' करायचं, आणि गवताला ओसाड म्हणायचं. उघडं दिसतं ते सगळं रिकामं असतं असं मानणारा माणूस फार झाडं लावतो.

मोठ्या जागेचंच उदाहरण हवं तर माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहावं. मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून. पूर्वी तिथे मुंबईचा कचरा टाकत. कचरा बंद झाल्यावर 1980 च्या दशकात त्यावर झाडं लावायला सुरुवात झाली आणि 1994 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. आज साधारण 37 एकरांची ती झाडी आहे, आणि पायाखाली दाबलेला कचरा. छोट्या जागेचं उदाहरण त्याहून जवळचं. डॉ. हेमा साने यांनी गरवारे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि बुधवार पेठेतल्या जुन्या घरात वीज न घेता राहिल्या, भोवती झाडं, पक्षी आणि मांजरं. भर पेठेत. आपल्याला वीज सोडायची नाही, ठीक आहे. निदान बागेतले रात्रभर झाडांवर सोडलेले दिवे दहा वाजता बंद करता येतात. पावसाच्या तोंडाशी काजवे पाहायला भंडारदऱ्याला गाड्यांची रांग लागते. काजव्याची मादी अंधारात लुकलुकणाऱ्या नराला ओळखते, आणि एलईडीच्या उजेडात तिला कुणीच दिसत नाही.

राहिला वाळलेल्या खोडाचा विषय. तो माझ्या सध्याच्या कामात अडकून पडलाय. एका सोसायटीत सोनमोहर वाळला. महापालिकेची रीतसर परवानगी काढून फांद्या उतरवायच्या, आणि खोड दहा फुटांवर कापून उभं ठेवायचं, असं मी सुचवलं. मऊ पडलेल्या लाकडात तांबट घर कोरतो. त्यानं सोडलेल्या भोकात पुढे दयाळ किंवा चिमणी राहते, आणि बाजूला भुंगे आपली भोकं पाडतात. खोडावर गुळवेल सोडली तर ते दिसायलाही बरं. कडेची हेज मात्र मी मुद्दाम सरळ रेषेत कातरून घेते आणि पायवाट झाडलेली ठेवते. कडा रेखीव असल्या की आतला गबाळेपणा लोक 'डिझाइन' म्हणून चालवून घेतात.

अडचण अंदाजपत्रकाची झाली. आमच्या धंद्यात पैसे मिळतात रोपांचे, मातीचे, मजुरीचे. माझ्या कागदावर मात्र अशा ओळी होत्या: बांडगूळ ठेवणे. पाला न उचलणे. हरळी न उपटणे. वाळलेलं खोड उभं ठेवणे. आणि खाली वर्षभराच्या देखरेखीची रक्कम. खजिनदार काकांनी कागद दोनदा वाचला. "न करण्याचे पैसे कसले, ताई?"

"माळीमामांना दर आठवड्याला येऊन थांबवावं लागतं, त्याचे."

त्यांनी पेन काढलं, रक्कम निम्मी केली आणि सही करून दिली. खोडाची ओळ तेवढी कापली. ती म्हणे पुढच्या सर्वसाधारण सभेत, लिफ्टच्या दुरुस्तीनंतर आणि पार्किंगच्या आधी, चर्चेला येणार आहे.